काकडी-लिंबाचे कॉकटेल घरी करताना

काकडी, लिंबू, साखरेचा पाक, जिन आणि सोडा एवढ्या पाच गोष्टींचे हे कॉकटेल दिसायला अगदी सोपे आहे, आणि सोपे दिसते म्हणूनच त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. घरी केलेल्या ग्लासात बहुधा लिंबू जास्त पडलेले असते, ते झाकण्यासाठी साखर त्याहून जास्त घातलेली असते आणि काकडीची एक चकती कडेला शोभेपुरती अडकवलेली असते. असे पेय गार असते, गोडही असते, पण त्याला काकडीचे कॉकटेल म्हणण्याचे काही कारण उरत नाही.

माझ्या मते या पेयात काकडी ही मुख्य आहे आणि बाकीच्या चौघांनी तिच्या कलाने घ्यायचे आहे. तिचा सुगंध नाजूक असतो. लिंबाचा आंबटपणा, पाकाचा गोडवा, जिनचा उग्रपणा किंवा नुसती जास्तीची थंडीसुद्धा त्याला सहज दडपून टाकते. त्यामुळे पुढे दिलेली मापे, घटक घालण्याचा क्रम आणि वेळा या सगळ्यांचा रोख काकडीची चव ग्लासापर्यंत शाबूत पोहोचवण्याकडेच आहे.

घराणे पाहिले तर हे पेय ‘सार’ (इंग्रजी sour, आंबट) प्रकारातले, म्हणजे मद्य, आंबट आणि गोड यांच्या तोलावर उभे असलेले. जिन, लिंबू आणि साखर एवढेच घेतले की गिमलेट होते. लॉखलन रोझ यांनी १८६७ साली लिंबाचा रस मद्याशिवाय, साखरेत टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे गिमलेट प्रामुख्याने त्या बाटलीबंद गोड रसातच होऊ लागले. आपल्याला मात्र ताजा रस हवा आहे, कारण बाटलीतल्या रसाची शिजल्यासारखी चव आणि काकडीचा ताजेपणा एकमेकांशी जुळत नाहीत.

काकडीची निवड

सडपातळ, गडद हिरवी, हाताला टणक लागणारी आणि कोवळ्या बियांची काकडी घ्यावी. पिवळसर पडलेल्या जून काकडीत बिया कडक झालेल्या असतात, गर पाणचट असतो आणि वासही मंद असतो. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, तेव्हा तिच्याकडून चवीपेक्षा सुगंधाचीच अपेक्षा ठेवायची असते. जून काकडी तिथेच कमी पडते.

कडूपणाची परीक्षा आधी करावी. काकडी कडू लागते ती कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. ही द्रव्ये देठाकडच्या टोकाला आणि सालीलगत जास्त असतात, आणि वेलाला उन्हाचा किंवा पाण्याच्या ओढीचा ताण पडला की वाढतात. देठाकडचे दोन सेंटिमीटर कापून टाकावेत आणि त्यालगतची एक पातळ चकती चाखावी. देठाचा तुकडा घासून फेस काढला, तरी चाखून पाहण्याला पर्याय नाही. किंचित कडसर लागली तर साल पूर्ण काढून पुन्हा चाखावी, पण जीभ आक्रसण्याइतकी कडू असेल तर ती सरळ टाकून द्यावी. तसली काकडी पोटाला त्रास देऊ शकते, आणि पाकाने तिचा कडूपणा झाकतही नाही.

आता सुगंधाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण कृतीतला क्रम त्यावरच ठरतो. काकडी कापल्यावर येणारा तो ओळखीचा ताजा वास अखंड काकडीत जवळजवळ नसतोच. सुरी फिरली, पेशी फुटल्या आणि हवा लागली की काकडीतील एन्झाइम तिच्यातील मेदाम्लांवर काम करू लागतात आणि काही क्षणांतच त्यांपासून तो वास देणारी अल्डिहाइड तयार होतात. त्यांत नोनाडायनल हे प्रमुख. ही द्रव्ये उडून जाणारी आहेत. सकाळी चिरून ठेवलेल्या चकत्या संध्याकाळी वापरल्या, तर पेयात रंग येईल, वास येणार नाही. म्हणून काकडी चिरायची ती पेय करायला घेतल्यावरच.

दुसरी गोष्ट याहून कमी जणांच्या ध्यानात येते. हे एन्झाइम आंबट द्रावणात मंदावतात. काकडी आणि लिंबाचा रस एकदमच भांड्यात घालून ठेचले, तर सुगंध तयार होण्याच्या ऐन वेळी आपणच त्याला खीळ घालतो. काकडी आधी ठेचावी, तिला अर्धा-एक मिनिट तशीच राहू द्यावी, आणि लिंबू त्यानंतर घालावे. एवढ्याशा बदलाने पडणारा फरक शेजारी शेजारी दोन ग्लास करून पाहिल्यास कळतो.

सालीचे काय करावे, हा नेहमीचा प्रश्न. हिरवा रंग आणि थोडी गवतासारखी चव सालीत असते. ती पूर्ण काढली तर पेय फिकट आणि मऊ चवीचे होते, पूर्ण ठेवली तर जरा रानटी. सोलाण्याने एक पट्टी काढायची आणि एक ठेवायची, असे आलटून पालटून सोलले की दोन्ही साधते. सालीवर मेण लावलेले असेल, म्हणजे काकडी अनैसर्गिक चकचकीत आणि बोटांना किंचित चिकट लागत असेल, तर मात्र साल ठेवू नये.

लिंबू

रस त्याच वेळी काढलेला असावा. लिंबाच्या रसात सुमारे ५ ते ६ टक्के आम्ल असते आणि त्यात सायट्रिक आम्लाचा वाटा सर्वांत मोठा. रस काही तास राहिला म्हणून आंबटपणा फारसा कमी होत नाही, मात्र वरचा टवटवीत वास निघून जातो आणि मागे एक बोथट, कडसर चव उरते. फ्रीजमधले लिंबू आधी बाहेर काढून ठेवावे, हाताखाली ओट्यावर दाबून फिरवावे आणि आडवे कापावे. रस सुटायला सोपा जातो. पिळताना सालीची पांढरी आतली बाजू चुरगळून निघेल इतका जोर करू नये.

‘एका लिंबाचा रस’ हे माप येथे उपयोगाचे नाही. पातळ सालीच्या लहान लिंबातून १० ते १५ मिलिलीटर रस निघतो, जाड सालीच्या मोठ्या बिनबियांच्या लिंबातून २५ ते ३० मिलिलीटर. म्हणजे एकाच शब्दात दुपटीहून अधिक फरक दडलेला आहे. रस मोजूनच घालावा. मोठ्या लिंबाला आंबटपणा जरा सौम्य असतो आणि लहान लिंबू जास्त धारदार आणि सुवासिक असते, म्हणून लहान लिंबू वापरताना दोन-तीन मिलिलीटर कमी घ्यावे.

एक सावधगिरी. लिंबाच्या रसात आणि सालीच्या तेलात फ्युरानोक्युमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर राहिली आणि त्यावर कडक ऊन पडले, तर भाजल्यासारखे चट्टे आणि फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे डाग पुष्कळ दिवस टिकतात. अंगणात किंवा गच्चीवर दिवसाढवळ्या लिंबे पिळायची असतील, तर उन्हात जाण्यापूर्वी हात साबणाने नीट धुवावेत.

कोणते मद्य घ्यावे

जिन ही पहिली निवड. जिनमधील ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा देवदारासारखा वास आणि लिंबूवर्गीय सालींचा दरवळ काकडीच्या हिरव्या वासाला आधार देतात. साधी, कोरडी ‘लंडन ड्राय’ पद्धतीची जिन पुरेशी आहे. काकडी आणि गुलाब यांचे अर्क घातलेली स्कॉटलंडची हेंड्रिक्स १९९९ साली बाजारात आली आणि तेव्हापासून जिन आणि काकडी ही जोडी अनेकांच्या डोक्यात पक्की बसली, परंतु ताजी काकडी ठेचून घालायची असताना काकडीच्याच स्वादाची महागडी जिन हवीच असे नाही. ज्युनिपर फारच आक्रमक असलेली किंवा गडद मसाल्यांची जिन टाळावी.

काकडीची चव एकटीच ऐकू यावी असे वाटत असेल तर व्होडका घ्यावी. पेय स्वच्छ लागते, पण थोडे एकसुरीही. लाकडी पिंपात न मुरवलेली पांढरी टकिला घेतली तर तिचा वनस्पतीसारखा वास काकडीशी फार छान जमतो, आणि मला वाटते जिननंतरचा सर्वांत चांगला पर्याय तोच. पांढरी रमही चालते. व्हिस्की किंवा मुरवलेली रम मात्र येथे आणू नये, कारण पिंपातला व्हॅनिला आणि लाकूड यांच्यापुढे काकडीचे काही चालत नाही.

साखरेचा पाक

कोरडी साखर गार द्रवात नीट विरघळत नाही, तळाशी कण राहतात आणि शेवटचा घोट नको इतका गोड लागतो. म्हणून पाक करावाच. २०० ग्रॅम साखर आणि २०० मिलिलीटर पाणी एका भांड्यात घेऊन मंद आचेवर ढवळावे आणि साखर विरघळली की लगेच उतरवावे. उकळत ठेवू नये. येथे तार यायला नको आहे, आणि पाणी उडून गेले की पाकाचे प्रमाणही बदलते. यातून साधारण ३२५ मिलिलीटर पाक होतो, म्हणजे एका ग्लासाला २० मिलिलीटर धरले तर सोळा ग्लासांची बेगमी. पूर्ण गार झाल्यावर स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला, तर दोन-तीन आठवडे सहज टिकतो. गढूळ दिसला किंवा तरंग आला तर टाकून द्यावा.

साखर आणि पाणी शक्यतो वजनाने घ्यावे. एक कप साखर भरते सुमारे २०० ग्रॅम आणि एक कप पाणी सुमारे २४० ग्रॅम, त्यामुळे ‘कपाला कप’ केलेला पाक थोडा फिका होतो. तसा केला असेल तर बिघडले काही नाही, फक्त शेवटी चव पाहून दोन-तीन मिलिलीटर वाढवावे. मध घालायचा असेल तर तो निम्म्या कोमट पाण्यात पातळ करून घ्यावा, पण मधाचा स्वतःचा स्वाद ठसठशीत असतो आणि काकडीसाठी मी तो सुचवणार नाही.

बर्फ आणि भांडी

बर्फ ही कॉकटेलमधली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल उष्णता शोषून घेतो; एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार होण्यासाठी काढावी लागते त्याच्या सुमारे ऐंशी पट. म्हणजे पेय गार होते ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळेच, आणि पाणी न मिसळता ते बर्फाने नीट गार करताच येत नाही. हे पाणी कृतीचाच एक घटक आहे. बर्फ फ्रीजरमधून थेट काढलेला, कोरडा आणि शक्य तितक्या मोठ्या तुकड्यांचा असला की हे पाणी मापात राहते. काढून ठेवलेल्या, पाणी सुटलेल्या बर्फावर आधीच पाणी साचलेले असते आणि ते पेयाला गारवा न देता फक्त पातळ करते. बर्फाला फ्रीजरमधल्या पदार्थांचा वास लागतो, हेही येथे जपावे लागते. झाकणाच्या डब्यात ठेवलेला बर्फच वापरावा.

भांड्यांत शेकर, मिलिलीटरच्या खुणांचे मापी भांडे, ठेचण्यासाठी मडलर आणि बारीक जाळीची गाळणी एवढे पुरे. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली किंवा रुंद तोंडाची बरणी घ्यावी. मडलरऐवजी खलबत्त्यातला बत्ता किंवा लाटण्याचे बोथट टोक चालते, मात्र त्याला मसाल्याचा वास नसावा. चहाची गाळणी वापरणार असाल तर ती वेगळी ठेवलेली बरी.

कृती

एका उंच ग्लासासाठी ५० ग्रॅम काकडी, ४५ मिलिलीटर जिन, २० मिलिलीटर लिंबाचा रस, २० मिलिलीटर पाक, ६० मिलिलीटर अगदी गार सोडा, चिमटीच्या टोकावर मावेल एवढे मीठ आणि भरपूर बर्फ लागेल. हाताशी वजनकाटा नसेल तर सडपातळ काकडीच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या सहा-सात चकत्या म्हणजे साधारण ५० ग्रॅम होतात.

पहिली पायरी: ग्लास दहा-पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावा. सजावटीसाठी सोलाण्याने काकडीची एक लांब, पातळ पट्टी काढून घ्यावी. ही पट्टी नंतर ग्लासाच्या आतल्या भिंतीला चिकटवून वळवायची आहे. कडेला अडकवलेल्या चकतीपेक्षा तिचा उपयोग अधिक, कारण पिताना नाक तिच्या अगदी जवळ येते.

दुसरी पायरी: शेकरमध्ये काकडीच्या चकत्या आणि पाक घालून ठेचावे. मडलर खाली दाबून किंचित पिळल्यासारखा फिरवावा, असे दहा-बारा वेळा करावे. चकत्या फुटून त्यांचे पाणी पाकात उतरलेले दिसले पाहिजे. पाक हिरवट, पातळ होतो आणि शेकरच्या तोंडाशी एकदम काकडीचा दाट वास येतो. गराचा लगदा करण्याची गरज नाही. लगदा झाला तर गाळायला वेळ लागतो आणि सालीचा कडसरपणाही जास्त उतरतो.

तिसरी पायरी: जिन घालून एकदा हलवावे आणि मिनिटभर थांबावे. सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा मद्यात चांगली विरघळतात, त्यामुळे हा मिनिट वाया जात नाही; एन्झाइमचे काम चालू असताना तयार होणारा वास जिनमध्ये उतरत जातो. याच वेळात लिंबू पिळून, गाळून, मोजून घ्यावे.

चौथी पायरी: रस आणि मीठ घालावे, शेकर तीन-चतुर्थांश भरेल इतका बर्फ घालावा आणि झाकण घट्ट बसवून दहा ते बारा सेकंद जोरात हलवावे. मनगटाने लाडेलाडे हलवून भागत नाही. बर्फ या टोकापासून त्या टोकापर्यंत आदळल्याचा आवाज यायला हवा. शेकरच्या बाहेर दव धरले आणि धातू हाताला झोंबू लागला की झाले. मद्यामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली गेलेला असतो, म्हणून नीट हलवलेले पेय शून्याच्याही खाली काही अंश उतरते. सोडा या टप्प्यावर चुकूनही शेकरमध्ये घालू नये. वायूचा दाब वाढून झाकण उडते आणि सगळे पेय भिंतीवर जाते.

पाचवी पायरी: ग्लास बाहेर काढून आत पट्टी लावावी, तिला धरून ठेवतील असे बर्फाचे ताजे तुकडे भरावेत आणि पेय बारीक गाळणीतून ओतावे. गाळणीतला गर चमच्याने हलकेच फिरवावा, दाबून पिळू नये. शेकरमधला बर्फ टाकून द्यावा.

सहावी पायरी: सोडा ग्लासाच्या कडेने हळूहळू ओतावा आणि लांब चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलावा. गार द्रवात वायू जास्त विरघळून राहतो, म्हणून सोड्याची बाटली आधीपासून फ्रीजमध्ये असणे आवश्यक आहे. कोमट सोडा ओतला की फस्सकन फेस येतो आणि बुडबुडे ग्लासातच संपतात. पेय लगेच प्यायला द्यावे. तासभर ठेवले तर लिंबाच्या आम्लाने काकडीतल्या हरितद्रव्याचा रंग बदलू लागतो आणि पोपटी पेय हळूहळू मळकट दिसू लागते.

मिठाविषयी शंका येणे साहजिक आहे. ते खारटपणासाठी नाही. अगदी अल्प मिठाने कडूपणाची जाणीव दबते आणि काकडीची चव पुढे येते. चिमटीचा अंदाज दर वेळी सारखा येत नाही म्हणून ८० मिलिलीटर पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून ठेवावे आणि त्याचे दोन-तीन थेंब घालावेत. जिभेला मीठ कळले तर ते जास्त झाले.

चव जुळवून घेणे

शेकरमधून ओतण्यापूर्वी चमचाभर चाखून पाहावे, कारण दुरुस्ती तेव्हाच सोपी असते. आंबट लागले तर पाक ५ मिलिलीटर वाढवावा. एकदम दहा-पंधरा घालू नये, कारण थंडीमुळे जिभेला गोडवा कमी जाणवतो आणि पेय जरा कोमट होताच तोच पाक अंगावर येतो. गुळमट, सपाट लागले तर लिंबू ५ मिलिलीटर. काकडी जाणवत नसेल तर लिंबू आणि पाक दोन्ही थोडे कमी करून पुढच्या वेळी काकडी ७० ग्रॅमपर्यंत न्यावी, आणि चाखताना पेय अतिथंड तर नाही ना तेही पाहावे. पाणचट लागले तर कारण बहुधा ओला बर्फ किंवा हात सैल सोडून ओतलेला सोडा असते. सोडा ६० मिलिलीटरच्या पुढे गेला की पेय लांबते, चव मात्र विरळ होते.

सोड्याऐवजी टॉनिक घालायचा मोह होतो. टॉनिकमध्ये क्विनाइनचा कडूपणा असतो आणि बहुतेक टॉनिकमध्ये साखरही असते, म्हणून पाक निम्मा करावा लागतो. पेय वाईट होत नाही, पण ते मग जिन-टॉनिकच्या अंगाने जाते.

थोडे फेरफार

पुदिना घालायचा असेल तर सहा ते आठ पाने पुरेत, आणि ती ठेचू नयेत. पाने चुरगळली की काळवंडतात आणि गवतासारखा कडसर रस सोडतात. शेकरमध्ये बर्फाबरोबर हलवले जाते तेवढे त्यांना पुरते. काकडी, पुदिना, लिंबू आणि जिन यांच्या पेयाला ईस्टसाइड म्हणतात, आणि ते सोड्याशिवाय, देठाच्या उथळ ग्लासातही दिले जाते. तुळशीच्या गोड जातीची, म्हणजे बेझिलची पाने घातली तर दोनच घालावीत. तिखट आवडणाऱ्यांनी हिरव्या मिरचीची एक पातळ चकती, बिया काढून, काकडीबरोबर ठेचावी. टकिला घेतली असेल तर हे विशेष जमते. आल्याचा रस पाव चमच्याच्या पुढे नेऊ नये.

मद्य न घेणाऱ्यांसाठी नुसती जिन वगळून भागत नाही, कारण जिनबरोबर पेयाचा तिखटपणा आणि अंगही जाते. अशा वेळी काकडी ८० ग्रॅम, लिंबू २० मिलिलीटर, पाक १५ ते २० मिलिलीटर, पाव चमचा आल्याचा रस, मीठ आणि १२० मिलिलीटर सोडा असे घ्यावे. हलवण्याचा वेळ सात-आठ सेकंदांवर आणावा. आले जिनच्या उग्रपणाची थोडी जागा भरून काढते.

किती कडक असते हे पेय

४० टक्क्यांची ४५ मिलिलीटर जिन म्हणजे १८ मिलिलीटर, अर्थात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. काकडीचे पाणी, वितळलेला बर्फ आणि सोडा धरून ग्लासात साधारण २१० मिलिलीटर पेय होते, म्हणजे त्यात अल्कोहोल साडेआठ टक्क्यांच्या आसपास भरते. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलीटर बिअरमध्ये साडेसोळा मिलिलीटर अल्कोहोल असते, तेव्हा एक ग्लास म्हणजे एका बिअरहून किंचित जास्तच. पेय सरबतासारखे लागते आणि तहानेच्या भरात पटकन संपते, हाच त्याचा धोका. शेजारी साधे पाणी ठेवावे, दोन ग्लासांत अंतर राखावे, वाहन चालवणाऱ्याला, गरोदर स्त्रीला आणि कायद्याने ठरवलेल्या वयाखालच्या कोणालाही ते देऊ नये, आणि औषधे चालू असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

आठ जणांसाठी

पाहुणे असताना आठ वेळा शेकर हलवत बसणे यजमानाला परवडत नाही. अशा वेळी ४०० ग्रॅम काकडी चिरून ३६० मिलिलीटर जिनबरोबर मिक्सरमध्ये वीस सेकंद फिरवावी, दोन मिनिटे थांबावे आणि पातळ सुती फडक्यातून गाळावे. मिक्सर जास्त वेळ फिरवला तर साल अगदी बारीक होऊन कडसरपणा उतरतो आणि फेसही फार होतो. त्यात १६० मिलिलीटर पाक, अर्धा सपाट चमचा मिठाचे पाणी आणि २८० मिलिलीटर गार पाणी घालावे. हे पाणी कशासाठी, तर येथे शेकर नसल्यामुळे बर्फाचे जे पाणी मिसळायला हवे होते ते आपल्याला बाहेरून द्यावे लागते. जग झाकून फ्रीजमध्ये दोन तास ठेवावा. १६० मिलिलीटर लिंबाचा रस पाहुणे आल्यावरच पिळून मिसळावा, म्हणजे रंग आणि वास दोन्ही टिकतात. जगात बर्फ घालू नये; तो प्रत्येक ग्लासात स्वतंत्र घालावा, वर जगातले मिश्रण ओतावे आणि प्रत्येक ग्लासात ६० मिलिलीटर सोडा शेवटी घालावा. ग्लास भरण्यापूर्वी दर वेळी जग ढवळावा, कारण काकडीचा बारीक गर तळाशी बसतो आणि न ढवळता ओतले तर पहिल्या पाहुण्याला फिके आणि शेवटच्याला दाट पेय मिळते.